यांच्या हातांसाठी साबण

१२ जून, गुरुवार

साबण बसला नाही! साच्यातून काढायला गेले तर बोट सरळ आत. नुसता शिरा झालाय. कापड झाकून ठेवला, वाट पाहिली, सिद्धेश्वराचं नाव घेतलं — तसाच.

चूक माझी. बचत गटाच्या शिबिरात मॅडमनी घोकून घेतलं होतं — "ताई, एका तेलावर साबण करायचा नाही. खोबरेल त्याला कणा देतं, शेंगतेल नि करडी मऊपणा देतात, एरंडेल फेस धरून ठेवतं. चौघांना घेऊन संसार करायचा." पण वैरागहून भावानं करडीच्या तेलाचा डबा पाठवलेला. घाण्यावरचं, शुद्ध. म्हटलं यांच्या हाताला मऊच पाहिजे ना, मग नुसत्या करडीचाच करू. आणि खोबरेलाचा भाव यंदा विचारायची सोय नाही. खरं कारण तेच. इथं तरी कशाला लपवू.

यांचे हात काही बरे होत नाहीत. उजव्या हाताच्या पाठीवरचा डाग रुपयाएवढा होता, आता मनगटावर चढलाय. डाव्या कोपरापाशी दुसरा. फिकट, कोरडा, खरखरीत. बोटांना भेगा. हे युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर, दिवसभर हात पांढऱ्या शर्टिंगच्या थप्पीवर. मागच्या आठवड्यात भेगेतलं रक्त कापडाला लागलं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "मास्तर, आधी हात बघा, मग कातर धरा." घरी येऊन सांगताना हे हसत होते. पण जेवले अर्धंच.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, गजकर्ण आहे. मलम दिलं. मलमाचे ठसे कापडावर उमटतात म्हणून हे लावत नाहीत. दुकानातला साबण लावला की हात राख फासल्यासारखे. म्हणजे मला साबण असा पाहिजे की हात कोरडा पडणार नाही, आणि धुऊन पुसल्यावर पांढऱ्या कापडाला तेलकटही लागणार नाही. दोन्ही एकदम! उभा जन्म कातरीवर काढलेला माणूस. त्याच्या हातातून कातर जाता कामा नये, बस.

१३ जून, शुक्रवार

मऊ साबण टाकला नाही. डब्यात भरून भांड्यांना घेतला. भांडी चकचकीत!

१५ जून, रविवार

दुसरा घाणा. या वेळी उलटं केलं — जवळजवळ सगळं खोबरेल, थोडंसं एरंडेल. खर्च कुणाला सांगितला नाही.

परसात बसून केला. स्टीलची बादली, हातात मोजे, यांचा जुना चष्मा डोळ्यांवर. आधी पाणी, मग त्यात कास्टिक सोडा. कास्टिकवर पाणी कधीच नाही. वाफ निघते ती नाकात जाऊ द्यायची नाही. राजनंदिनी क्लासला जाता जाता थांबली. "आई, मोबाईलवर दोन मिनिटांत निघतं हे गणित. कुठलं तेल किती ते टाकायचं, कास्टिक किती ते सांगतं."

मी म्हटलं, "मोबाईलला स्वयंपाक येतो का?"

"तुला तरी कुठं केमिस्ट्री येते?"

खरं आहे. मॅट्रिकपर्यंतच शिकले. पण हे गणित मला माझ्या पद्धतीनं कळतं. प्रत्येक तेलाची भूक वेगळी. खोबरेल कास्टिक जास्त खातं, करडी-शेंग कमी, एरंडेल त्याहून थोडं कमी. पंगतीला जेवणारे बदलले की भाकरी बदलायच्या. मोजून भाकरी केल्या नाहीत आणि उरल्या, तर ते उरलेलं कास्टिक मग हात खातं. म्हणून मॅडम म्हणतात, चार भाकरी कमीच करा, थोडं तेल उपाशी राहू दे. ते तेल साबणात मोकळं राहतं आणि कातडीला मिळतं.

घोटताना 'ॐ नमः शिवाय' म्हणत राहिले. लवकर दाटला. खोबरेलाचं तसंच असतं.

२९ जून, रविवार

खोबरेलाचा साबण अजून पुरता मुरला नव्हता, पण धीर धरवेना. दगड झालाय! फेस तर असा की पुसून पुसून जाईना. हे कारखान्यातून पांढऱ्या कापडाच्या चिंध्या आणतात, त्यावर पाहिलं — हात धुवायचा, कोरडा करायचा, चिंधीवर दाबायचा, चिंधी उजेडात धरायची. स्वच्छ. एक ठसा नाही.

पण हात! माझाच हात संध्याकाळपर्यंत कागद झाला. नीलम्मा शेजारीण, तिला एक वडी दिली होती. ती कुंपणावरून, "अक्का, ह्यानं कढई घासू का म्हशी?"

यांना विचारलं. "चांगलाय की."

यांना सगळंच चांगलं. परवा चहाचं उकळतं पातेलं सांडशीशिवाय उतरवलं, मी ओरडले तर "काय न्हाय गं" म्हणून कप भरायला लागले. सासूबाई म्हणायच्या, माझं पोर पाळण्यातसुद्धा रडलं न्हाई. असा माणूस मिळायला पुण्य लागतं. पण साबण करणाऱ्याला असा माणूस काय कामाचा! जो कशालाच वाईट म्हणत नाही त्याच्यासाठी तोल कसा साधायचा?

१ जुलै, मंगळवार

तिसरा घाणा. आता चौघांना घेऊन. शेंगतेल चार भाग, खोबरेल तीन, करडी दोन, एरंडेल एक.

काल दुपारभर हेच मांडत बसले होते. खोबरेल अर्ध्यावर नेलं तर हात कोरडा. अगदी कमी केलं तर साबण पाण्यात विरघळून चार दिवसांत संपतो, तो तोटाच. करडी वाढवली तर हाताला छान, पण मॅडम म्हणतात करडीचा साबण लवकर खवट होतो, वडीवर पिवळे ठिपके येतात. शेंगतेल बिचारं मधलं — ना फार फेस, ना फार कणा, पण सगळ्यांशी जमवून घेतं. घरात अशी एखादी जाऊबाई लागते. एरंडेल थोडंच, जास्त झालं तर चिकट.

मोकळं तेल किती ठेवायचं हाच खरा पेच. जास्त ठेवलं तर हात मऊ, पण चिंधीवर ठसा. मधोमध धरलंय. सिद्धेश्वरा, बघ बाबा.

९ जुलै, बुधवार

पांढऱ्या कापडावर मालकांनी दुसरा माणूस घेतला. यांना निळ्या पँटींवर बसवलंय. "तेवढंच काम, तेवढाच पगार," हे म्हणाले. पण पांढरं कापड म्हणजे मास्तर आणि निळं म्हणजे कुणीही — हे मलाही कळतं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडीची दिंडं केली. हे घरीच. "माझ्या कातरीचा उपवास," म्हणून बाजेवर पडले.

वड्या आधीच कापून मुरायला ठेवल्या होत्या म्हणून बरं. तिसऱ्या घाण्याची एक काढली. जिभेच्या टोकाला लावून पाहिली. कास्टिक उरलं असेल तर जिभेला चटकन चावतं, इंगळी डसल्यासारखं. चावली नाही! फेस दाट, लोण्यासारखा. हात धुतला, चिंधीवर दाबला, उजेडात धरली — स्वच्छ. संध्याकाळी हात बघितला — मऊ! फेर धरायला पोरींबरोबर गेले तर नीलम्मा म्हणते, "अक्का, हात कुणाचे आणलीस ग? नव्या नवरीचे!" लई आनंद झाला आज.

३१ जुलै, गुरुवार

यांनाही तीच वडी दिली, तर दोनच दिवसांत तळवे मऊ पडले. भेगा मिटत चालल्या. पण डाग जिथल्या तिथं. तेवढीच जागा कोरडी. आजूबाजूला घाम येतो, डागावर येत नाही. साबण सगळ्या हाताला एकच लागतो ना? मग तो तेवढी जागा सोडून कसा जातो?

आणि अंगठ्याला फोड. कातरीच्या कडीचा. पाणी झालेलं, फुटलेलं, यांना पत्ताच नाही. मी दाखवला तेव्हा बघितला. "आरं, हे कवा झालं?"

कामात माणूस एवढा बुडतो. कडीला चिंधी गुंडाळून दिली.

२ ऑगस्ट, शनिवार

श्रावणातला शनिवार. गल्लीतल्या मारुतीला सकाळपासून रांग. तेलाची नुसती धार! मूर्तीवरून तेल खाली दगडी कुंडीत उतरतं, कुंडी भरून वाहते, पायरीवर पाय ठरत नाही. गुरवाची म्हाळसाबाई फडक्यानं पुसून पुसून कंटाळलेली. आणि मला एकदम सुचलं. चारही तेलं मी दुकानातून आणली, घाण्यावरून आणली. देवाचं तेल कुठं घातलं? म्हणूनच तो डाग हटत नसेल.

म्हाळसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "ने की. गटारीत जाण्यापेक्षा कुणाच्या अंगाला लागलं तर चांगलंच."

"कुठलं तेल असतंय ग हे?"

"कुठलं म्हंजे? देवाचं!"

कळशी भरून आणली. फडक्यातून चारदा गाळलं. वाती, फुलं, शेंदूर. तरी तांबूस झाक राहिलीच.

राजनंदिनी बघत होती. "आई, यात कुठकुठली तेलं आहेत माहीत नाही. मग कास्टिक किती धरणार?"

"मारुतीला तिळाचंच घालतात."

"सगळे?"

"सगळे."

३ ऑगस्ट, रविवार

देवाच्या तेलाचा साबण केला. सगळं तिळाचं धरून हिशेब मांडला. कणा यावा म्हणून उरलेलं थोडं खोबरेल घातलं. दाटायला फार वेळ लागला. हात भरून आले, पण जप सोडला नाही. राजनंदिनी म्हणाली, "आणि ते मोकळं तेल ठेवायचं म्हणत होतीस ते?" या वेळी ठेवलं नाही. तेल आधीच ओशट होतं, कापडाला डाग नको. कास्टिक पुरेपूर.

११ ऑगस्ट, सोमवार

वड्यांवर तेलाचे थेंब आलेत. दवासारखे. दुसऱ्या कुठल्या घाण्याला असं झालं नव्हतं. पुसले की परत येतात. मनात म्हटलं, देवाला द्यायचंच असेल तर कोण थांबवणार.

२० ऑगस्ट, बुधवार

मालक म्हणाले, "मास्तर, दिवाळीपर्यंत बघू." काय बघू ते बोलले नाहीत. झालं असं की यांनी निळ्या पँटींची अख्खी थप्पी खुणेच्या आत कापली. कातर निसटली म्हणाले. यांची कातर? लग्नात माझ्या वडिलांनी डोळे झाकून कापड कापायला लावलं होतं चेष्टेनं, तेव्हासुद्धा निसटली नव्हती.

हे आल्यापासून हाताची मूठ उघडत होते, मिटत होते. करंगळी पुरती सरळ होत नाही. "थंडी धरली असंल." ऑगस्टात कुठली थंडी!

१ सप्टेंबर, सोमवार

वड्या मुरल्या असं धरलं. पहिली वडी देव्हाऱ्यात ठेवली, बेल वाहिला. जिभेला लावून बघायचं राहिलं — म्हणजे राहिलं नाही, लावली नाही. देवाला दाखवायच्या आधी नैवेद्याची चव कुणी घेतं का? आणि दाखवल्यावर तो प्रसाद. प्रसादाची परीक्षा कसली!

एक वडी यांना, एक नीलम्माला. माझ्यासाठी घेतली नाही. डाग यांचा, वडीही यांचीच.

३ सप्टेंबर, बुधवार

"कसा आहे?"

"चांगलाय की. वास जरा देवळाचा येतो."

सकाळ-संध्याकाळ लावतात. मी सांगितलंय, डागावर दोनदा घासा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लिहितेच. नाहीतर डोकं फुटेल.

संध्याकाळी नीलम्मा आली ती दोन्ही हात पुढं धरूनच. लालबुंद. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली. "अक्का, काय घातलीस ग त्यात? अय्यो शिवा! दोनदा लावले, नुसती आग! रात्रभर हात ताकात बुडवून बसले की!" राग होता, पण डोळ्यांत पाणी. मी वडी घेतली आणि जिभेला लावली. अशी डसली की तोंड धरून मोरीवर पळाले. भाकरी उरल्या होत्या! ढीगभर उरल्या होत्या!

तेवढ्यात हे आले. नेहमीसारखे मोरीवर गेले, बाह्या वर केल्या, तीच वडी घेतली. मी ओरडले — "टाका ती! टाका!" जीभ जळत होती, शब्द नीट फुटेना. यांना वाटलं मी दुसरंच काही म्हणतेय. घासत राहिले. फेस करून, कोपरापर्यंत, डागावर दोनदा, मी सांगितल्याप्रमाणे. नीलम्मा "यव्वा" म्हणून तोंडाला पदर लावून बघत राहिली. हे तिच्याकडं बघून हसले. "नीलम्मा, तुमचे हात लई नाजूक. आमाला तर कायबी होत न्हाई."

मी तांब्यानं पाणी ओतलं हातावर. फेस गेला आणि खाली — फोड. मनगटापाशी फुटलेला, कच्चा, गुलाबी. पाच दिवस त्यावर हे कास्टिक चोळत होते.

राजनंदिनीनं यांचा हात धरला. बोलली अगदी हळू. "पप्पा, दुखत नाही का हे?"

यांनी बाही खाली ओढली.

"कधीपासून लागत नाही तुम्हाला?"

"तसं न्हाई ग. जरा बधिर हाय. काम करून करून होतंय." मग माझ्याकडं न बघता, "गेल्या दिवाळीपासनं. कातर हातात हाय का न्हाई ते बघावं लागतंय."

नीलम्मा कधी गेली कळलं नाही.

सोशीक. सासूबाईंपासून सगळे म्हणत आलो. चहाचं पातेलं, अंगठ्याचा फोड, चांगलाय की, चांगलाय की. मी पदराला गाठ मारून ठेवावा तसा यांचा तो गुण जपला, चार बायकांत मिरवला. आणि यांना लागतच नव्हतं! सोसायला आधी लागावं तर लागतं!

६ सप्टेंबर, शनिवार

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, देवळातलं तेल? त्यात दिव्याचं स्वस्त तेल असतं, रॉकेलच्या जातीचं. ते कास्टिक खातच नाही." देवळात जाऊन बघितलं. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांचा ढीग. बहुतेकांवर बारीक अक्षरात लिहिलेलं — दिव्यासाठी, खाण्यास अयोग्य. म्हणजे अर्धी पंगत जेवायला बसलीच नव्हती. ते थेंब म्हणजे तेच न खाल्लेलं तेल.

नीलम्माला खोबरेल नेऊन दिलं, पाया पडले. ती म्हणाली, "ऊठ ग. माझी कातडी येईल परत. दादांना दवाखान्यात ने."

उरलेल्या वड्या परसात खोल खड्डा करून पुरल्या. देवाच्या होत्या, कचऱ्यात टाकवेनात.

८ सप्टेंबर, सोमवार

सरकारी दवाखाना. राजनंदिनी बरोबर. डॉक्टरबाई तरुण, पण हात धरायची रीत चांगली. डागावर कापूस फिरवला, मग कोपराची शीर चाचपली. "दोरीसारखी झालीय," म्हणाल्या. आणि मग तो शब्द. त्यांनी दवाखान्यातला शब्द वापरला — कुष्ठरोग. आपल्यात त्याला जे म्हणतात ते मला लिहवत नाही.

"पूर्ण बरं होतं, घाबरू नका. गोळ्या इथंच मिळतील, वर्षभर चुकवायच्या नाहीत. गोळी सुरू झाली की यांच्यापासून कुणाला धोका नाही. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, असलं काही करायचं नाही." करंगळीचं मात्र सांगता येत नाही. व्यायाम, आणि हात जपायचे — गरम, धारदार, सगळं डोळ्यांनी बघून धरायचं.

यांनी एकच विचारलं. "कातर धरता यील का?"

"बघून धरा. येईल."

रिक्षात हे म्हणाले, "मालकाला सांगू नगं एवढ्यात." मी मान हलवली. राजनंदिनी मधे बसली होती. ती मधे बसली म्हणून मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

यांचा टॉवेल वेगळा केला. ताट-वाटी वेगळी धुतली, शेवटी, गरम पाण्यानं. डॉक्टरबाईंचं बोलणं कानात होतं, तरी हात थांबेना. घरात लग्नाची मुलगी आहे. कुणी बघितलं तर? साबण दोन ठेवले. यांचा मोरीच्या खालच्या कट्ट्यावर.

राजनंदिनीनं बघितलं. माझ्यासमोर तिनं यांच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून खाल्ली. मुद्दाम.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लग्न झाल्यापासून सकाळची पूजा आटपली की हे माझ्या कपाळाला विभूती लावतात. आज बोटं भरून वळले. मी डबीतून आधीच लावून घेतली होती. "स्वयंपाकाला उशीर होतोय," म्हटलं. हे त्या तीन बोटांकडं बघत राहिले, मग स्वतःच्याच दंडाला पुसली.

दुपारी बघितलं तर पाण्याचा तांब्याही यांनी आपणच वेगळा केलेला. मी सांगितलं नव्हतं. जेवताना पाटही लांब सरकवून घेतला.

साबण घोटायला घेतला होता, चौघांचा, शेंगतेल चार भाग. मधेच थांबले. कुणाच्या हातासाठी करतेय आणि त्या हाताला काय करतेय!

१५ सप्टेंबर, सोमवार

घरच्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं होतं. राजनंदिनीला काही नाही. देव पावला. मला पडद्यामागं पाठमोरं बसवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कापूस लागला की हो म्हणा." मी वाट बघत बसले. म्हटलं बाई कामात असतील. शेवटी विचारलं, सुरू करताय ना?

त्या पुढं येऊन माझ्यासमोर बसल्या. "महादेवीबाई, करून झालं. पाठीवर मोठा डाग आहे. कुणी बघितला नाही का कधी?" कुणाकडून कुणाला ते सांगता येत नाही म्हणाल्या. पण माझा जुना दिसतो. यांच्यापेक्षा बराच जुना.

बाहेर आले. हे बाकावर होते. मला बघून सरकले — पार टोकाला, यांचं अंग मला लागू नये म्हणून.